मापाचा शर्ट

चंद्राबाईला आयुष्यात कुणी कधी "तुला काय हवं?" असं विचारलं नव्हतं, आणि त्याचं तिला दुःखही नव्हतं. विचारलंच नाही तर उत्तर द्यायची कटकट नाही. लहानपणी थोरल्या बहिणीची परकर-पोलकी उतरली की ती हिच्या अंगावर यायची. लग्नात सासरच्यांनी जी साडी आणली ती नेसली. पुढे भाऊबीजेला भाऊ आणेल ती, कुणाच्या लग्नात आहेरात येईल ती, आणि आता सून नम्रता मोबाइलवर बघून मागवते ती. कुणी तोंडदेखलं विचारलंच, तर तिचं उत्तर ठरलेलं असे: "मला काय, कंचीबी चालंल."

अशा बाईवर अख्ख्या स्वयंपाकघराचे कपडे निवडायची वेळ यावी, याला काय म्हणायचं? देवालाही कधीकधी काम नसतं.

चंद्राबाईचं गाव भिवपुरीच्या अलीकडचं. कर्जतहून चौककडे जाणाऱ्या रस्त्यावर आसावरीताईंची खानावळ आहे. ती सुरू होऊन कितीतरी वर्षं झाली, पण आसपासचे लोक तिला अजून 'नवी खानावळ'च म्हणतात. तिथल्या स्वयंपाकघरात चंद्राबाई मुख्य. शनिवार-रविवारी गाड्या भरभरून माणसं येतात, वालाच्या बिरड्यावर आणि कोंबडीच्या रश्श्यावर तुटून पडतात, तांदळाच्या भाकऱ्या जाताना बांधून नेतात. एवढ्या माणसांना मीठ किती, रस्सा कधी उतरवायचा, कोणती बाई कुठल्या शेगडीवर उभी करायची, यात चंद्राबाईला कधी शंका आली नाही. तिथे ती डोळे मिटून हुकूम सोडायची आणि तो बरोबर निघायचा. गोंधळ झाला तो कपड्यांपाशी.

झालं असं, की दिवाळीच्या गर्दीत हाताखालच्या शकूचा पदर भट्टीला लागला. साडी नायलॉनची. भडका उडायचा तो भाकऱ्या थापणाऱ्या बायजानं भाकरीच्या पिठाचं पाणी परातीसकट तिच्या अंगावर ओतलं म्हणून टळला. शकूला ओरखडासुद्धा आला नाही, नुसती पिठानं माखली. पण आसावरीताईंची त्या दिवशी झोप उडाली. मास्तरांची लेक त्या. कर्जतच्या शाळेत वडिलांनी जन्म घालवलेला, त्यामुळे कुठलीही गोष्ट समजावून सांगितल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही.

"मावशी, आता साडीचा पदर सोडून भट्टीपाशी उभं राहायचं नाही," त्या म्हणाल्या. "आपण युनिफॉर्म करू. कापड सुती हवं, लोंबणारं काही नको, हात मोकळे हवेत, धुवायला सोपं हवं. बाकी रंग, प्रकार सगळं तुम्ही ठरवायचं."

"आमी? मला काय ताई, कंचाबी चालंल."

"असं नाही चालायचं. अंगात घालायचं तुम्हाला आहे. मी कोण ठरवणार? फक्त एक लक्षात ठेवा, मुंबईच्या एका कंपनीची माणसं बघायला येणार आहेत. दर आठवड्याला त्यांची सहल इथे आणायची म्हणतात. तोवर कपडे तयार हवेत."

ताईंनी मान दिला, यात शंका नाही. पण हा मान चंद्राबाईला डोक्यावर ठेवलेल्या पाण्याच्या हंड्यासारखा वाटायला लागला. धड उतरवता येईना, धड चालता येईना.

नम्रता त्याच खानावळीत गल्ल्यावर बसायची. तिनं लगेच सांगितलं, "आई, सरळ शर्ट-पँट. काळी. वर टोपी. हायवेवर सगळीकडं तसंच असतं."

"काळं? संक्रांत सोडून काळं कोण घालतं गं?"

"मग पांढरं घ्या."

"आणि हळद?" शकू मध्येच म्हणाली. "दुपारपर्यंत आमी सगळ्या नवऱ्या दिसू." शकूला पंजाबी ड्रेस हवा होता. तिच्या भावजयीकडे तसा होता म्हणे. भाजी चिरणाऱ्या वनिताला हिरवा रंग हवा होता. पँट मात्र तिच्या सासऱ्यांना चालणार नव्हती, आणि सासरे तर कधी खानावळीत पाऊलही टाकत नव्हते. चंद्राबाई प्रत्येकीचं ऐकायची आणि प्रत्येकीचं तिला पटायचं. हीच खरी पंचाईत होती. ज्याला काहीच पटत नाही तो माणूस निदान भांडून मोकळा होतो.

बायजा तेवढी भाकऱ्या थापत होती. शेवटची भाकरी तव्यावर टाकून ती म्हणाली, "शिवलेलं कायबी मी अंगात घालायची नाय. पदर नाय तर टोप कशानं उतरवू? घाम कशानं पुसू? तुमी घाला. मी घरी बसंन."

अंगातला ब्लाउज शिवलेलाच होता की. पण हे बायजाला सांगायचं कुणी?

बायजा घरी बसणार म्हणजे काय, हे चंद्राबाईइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. चंद्राबाई लग्न होऊन आली तेव्हा शेजारच्या घरातली ही बायजाच तिला हाताला धरून भाताच्या लावणीला घेऊन गेली होती. पुढे भिवपुरीच्या वीजघराच्या कॉलनीत पोळ्या लाटायचं पहिलं काम मिळालं तेही बायजाच्या शब्दावर. मग चार वर्षांपूर्वी बायजाचा नवरा गेला. कोंडाजी. डावखुरा माणूस, भाताचे भारे, लाकडाच्या मोळ्या, सगळं ओझं जन्मभर डाव्या खांद्यावर वाहिलं. तो खांदा असा बसला होता, की बांधावरून चालत निघाला तर कोसावरून पोर सांगायचं, कोंडाजीबाबा आला. तो गेल्यावर मुलगा नेरळला फ्लॅटमध्ये, आणि बायजा घरात भिंतीला टेकून बसलेली. जेवायची नाही, बोलायची नाही. चंद्राबाईनं रोज जाऊन, ओढून, शिव्या घालून तिला या स्वयंपाकघरात आणली, तेव्हा कुठे ती माणसात आली. आता एका कपड्यापायी ती पुन्हा त्या भिंतीपाशी जाऊन बसणार असेल, तर चंद्राबाईच्या निवडण्याला जाळायचंय का?

तर असा तो गोंधळ. कपडे निवडायचे सगळ्यांचे, आणि जीव अडकलेला एकीत.

नम्रताला बरोबर घेऊन ती कर्जतच्या बाजारात गेली. दुकानदारानं एकामागून एक थानं उलगडली. "काकू, हे बघा." चालंल. "हे?" ह्येबी चालंल. "यातलं कोणतं घेऊ?" चंद्राबाईनं नम्रताकडे बघितलं, नम्रतानं मोबाइलकडे. दुकानदार कंटाळून चहा प्यायला गेला, परत आला, तरी बाई तिथेच. शेवटी तिनं आमसुली रंगावर बोट ठेवलं. का, तर सोलकढीचा डाग त्यावर दिसणार नाही. मग प्रकार? साडी नको, पँट नको, म्हणजे मधलं काहीतरी. शकू म्हणते तसा कुर्ता-सलवार. बायजा पँटीला नाही म्हणेल, पण कुर्त्याला कदाचित नाही म्हणणार नाही, अशी तिनं आपली समजूत करून घेतली. घरी येईपर्यंत ती समजूत निम्मी उतरली होती.

कपडे शिवायला लडकूकडे टाकले. लडकू हा भिवपुरीच्या नाक्यावरचा जुना शिंपी. आता, आमच्याकडची रीत अशी, की शिंप्याकडे माप द्यायला बाई जात नाही, बाईचा ब्लाउज जातो. चांगला बसणारा एक जुना ब्लाउज वेगळा ठेवलेला असतो, त्याला मापाचा ब्लाउज म्हणतात. चंद्राबाईनं सगळ्यांचे मापाचे ब्लाउज पिशवीत गोळा केले. बायजानं काही दिला नाही. तेव्हा चंद्राबाईनं स्वतःचेच दोन टाकले; दोघींची अंगकाठी साधारण सारखी. लडकूनं पिशवी घेतली आणि आपलं नेहमीचं वाक्य ऐकवलं, "माप आनलंय तसं शिवनार. मापावर आपन शानपन करत नाय." या वाक्याच्या जोरावर त्यानं उभा जन्म काढला होता.

सलवारींसकट कुर्ते आले. भाजीच्या कोठीत दार लावून बायजा सोडून सगळ्याजणींनी ते चढवले आणि बाहेर आल्या. दिसत होत्या छान. नम्रतानं टाळ्याही वाजवल्या. मग शकूनं फळीवरची परात काढायला हात वर केला.

हात खांद्याच्या वर जाईना.

तिनं दुसरा हात वर केला. तोही जाईना. वनिता नारळ फोडायला गेली तर काखेत टर्रकन आवाज आला. ब्लाउजच्या मापानं शिवलेला कुर्ता, त्यात कापड जाडं. छातीत घट्ट, काखेत घट्ट, दंडाला घट्ट. सगळ्याजणी कोपरं अंगाला चिकटवून उभ्या, जणू गारठ्यात उभ्या आहेत. पहिल्यांदा शकू हसली, मग सगळ्याच हसत सुटल्या; आणि हसताना आणखी एकीची शिवण गेली. चंद्राबाईला मात्र रडू येत होतं.

बायजानं तिच्या नावाचा कुर्ता घडीसुद्धा न मोडता परत ठेवला. हात धुतले, पदराला पुसले. "चंद्रे, मी उद्यापासून येत नाय," एवढं म्हणाली आणि टेंपोची वाटही न बघता रस्त्याला लागली.

आसावरीताई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे विचारलं, "मावशी, मापं कशी दिली होती?"

"मापाचे बिलाउज दिले ताई. आनखी कशी देतात?"

ताईंनी कंपनीच्या माणसांना आठवडाभर थांबायला सांगितलं आणि चंद्राबाईला म्हणाल्या, "पुन्हा एकदा बघू या. घाई नाही, पण पुढच्या वेळी मात्र हवेत." लडकूला विचारावं तर तो उलट म्हणाला, "ब्लाउज दिले, ब्लाउजवानी शिवलं. कोट पायजे होता तर कोट द्यायचा मापाला." थान अजून बरंच शिल्लक होतं, तेवढंच काय ते नशीब.

बायजा आली नाही. भाकऱ्या शकूनं थापल्या, त्या खाऊन एका नेहमीच्या गिऱ्हाइकानं विचारलं, "आज म्हातारी आजारी आहे का?" चंद्राबाईनं आमटीत मीठ दोनदा घातलं. आपण काय निवडलं, कशासाठी निवडलं, काहीच तिला उमजेना. साडी ठेवावी तर पदर पेटतो, काढावी तर बायजा जाते. देवळात जाऊन कौल लावावा असंही तिनं मनात आणलं. पण देवाला विचारणार काय? कुर्ता का पँट?

सोमवारी खानावळ बंद असते. ती उठून बायजाकडे गेली. घराला कडी. शेजारणीनं शेताकडे बोट दाखवलं. भात निघाल्यावर खाचरात वाल केलेला, त्याच्या शेंगा बायजा तोडत होती.

"आलीस व्हय समजूत घालाया?" बायजा मान वर न करता म्हणाली.

"नाय. मला कायच सुचंना म्हून आले." आणि ती बांधावर मटकन बसली. हे मात्र अगदी खरं होतं.

बायजा तोडत राहिली. चंद्राबाई तिच्याकडे बघत राहिली. लुगड्यावरून कोंडाजीचा जुना शर्ट चढवलेला होता. त्यात नवल काहीच नव्हतं. शेतात उतरताना इकडची प्रत्येक बाई साडीवरून घरातल्या पुरुषाचा जुना शर्ट घालते. पदर आत कोंबायचा, बाह्या हव्या तशा दुमडायच्या, ऊन लागत नाही, पात्यांनी हात चिरत नाहीत. चंद्राबाईनं स्वतः कितीतरी लावण्या तशा शर्टात काढल्या होत्या. पण तो कपडा आहे असं कधी कुणी मानलंच नाही. खुंटीवरून ओढायचा आणि चालू लागायचं.

बायजानं शेंगांची पाटी उचलून डोक्यावर घेतली. दोन्ही हात सरळ वर गेले.

"बायजाबाय, थांब. तशीच ऱ्हा."

"का गं? पायाशी किरडू वळवळतंय का काय?"

"नाय. हात वर ऱ्हाऊ दे. आता वाक बघू."

"तुला येड लागलंय," बायजा म्हणाली, पण पाटी सावरत वाकली. काही लोंबत नव्हतं. काही अडत नव्हतं. पदर होता, पण आत होता. चंद्राबाईला जे दिसत होतं ते बरोबर आहे का, याचीही तिला खात्री वाटेना. एकदा तोंडावर आपटलेला माणूस सरळ वाटेवरही चाचपडतो.

"ह्योबी शिवलेलाच हाय की गं," ती हळूच म्हणाली.

"ह्यो शिवलेला व्हय?" बायजा एकदम उसळली. "ह्यो त्यांचा शर्ट हाय!"

चंद्राबाईनं धीर करून विचारलं, "मापाला देशील?"

"दुसऱ्या कुनाचा घे. तुज्या घरवाल्याचा घे."

"आनि दुसऱ्याच्या मापाचा तू घालशील?"

बायजानं पाटी खाली ठेवली. मग एकेक बटण काढून तिनं शर्ट उतरवला, झटकला, घडी केली आणि चंद्राबाईच्या मांडीवर ठेवला. "मी येते म्हनाले नाय. आनि त्याला सांग, उसवायचा नाय."

नम्रता पोट धरून हसली. "साडीवर शर्ट? आई, आपण काय लावणीला चाललोय?" आसावरीताईंनी शर्ट उलटसुलट करून बघितला. "दिसेल कसं, ते मलाही सांगता येत नाही मावशी. पण लोंबणारं काही नाही, हे खरं. शिवून बघू." लडकूनं कॉलर आतून तपासली आणि म्हणाला, "माजाच हात हाय. मीच शिवला हुता कोंडाजीला." चंद्राबाईनं त्याला दोनदा बजावलं, सगळे याच मापाचे, अंगाला सैल झाले तरी चालतील. आणि घरी जाताना वाटभर तिला वाटत राहिलं, की आपण पुन्हा काहीतरी चुकवलंय.

कंपनीची माणसं यायच्या आदल्या दिवशी सकाळी गठ्ठा आला. बायकांनी साड्यांवरून आमसुली शर्ट चढवले, पदर आत घेतले, बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या. शकूनं घाबरत घाबरत परातीला हात घातला. परात अलगद खाली आली. वनितानं नारळ फोडला. कुठेही टर्रकन झालं नाही. चंद्राबाईला वाटलं, सुटलो एकदाचे.

"सगळ्या ओळीत उभ्या राहा, फोटो काढते," नम्रता म्हणाली. मोबाइल डोळ्यांपुढे धरला आणि खाली घेतला. "आई, सगळ्यांचे डावे खांदे खाली का? सरळ उभ्या राहा ना."

सगळ्या ताठ झाल्या. खांदे खालीच. आसावरीताई पुढे आल्या, एकीची शिवण ओढून बघितली, दुसरीची बघितली. "अरे देवा. लडकूनं सगळेच वाकडे शिवलेत. एक बाजू उतरती आहे. मावशी, परत पाठवू या, आज संध्याकाळपर्यंत करून देईल."

आता काय चुकलं? माप दिलं होतं. हात वर जात होते. मग हे कुठून आलं? चंद्राबाईनं मदतीसाठी इकडेतिकडे बघितलं, तेव्हा मागच्या दारात बायजा उभी दिसली. फक्त आपला शर्ट परत न्यायला आली होती ती. दारातून पुढे येत नव्हती. एकटक त्या ओळीकडे बघत होती.

चंद्राबाईनं तिच्या नजरेनं बघितलं. शकू पाठमोरी होऊन चुलीकडे निघाली होती. डावा खांदा बसलेला. बांधावरून जाणारा माणूस.

बायजा आत आली. शकूपाशी गेली आणि तिच्या डाव्या खांद्यावरची सुरकुती हातानं दाबून सारखी केली, पुन्हा केली, वर ओढून बघितली. "जनमभर सांगत हुते, सरळ चाला म्हून," ती म्हणाली. "आयकलं नाय." शकू बिचारी हलायचीच विसरली. बायजाच्या डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती.

आसावरीताईंना काही कळलं नाही. त्यांनी कोंडाजीला कधी बघितला नव्हता. "मावशी, काय करायचं? पाठवू ना परत?"

"नाय ताई," चंद्राबाई म्हणाली. "असेच पायजेत."

इतक्या ठामपणे ती रश्श्याच्या मिठाबद्दलच बोलायची. ताईंनी एकदा तिच्याकडे, एकदा बायजाकडे बघितलं आणि नम्रताला मोबाइल ठेवून द्यायला लावला.

बायजानं नाक शिंकरलं. गठ्ठ्याकडे बघितलं. "ह्यातला माजा कंचा?"

"कंचाबी घे. सगळे सारखेच हाईत."

बायजानं वरचा उचलला. पदर पोटाशी खोचला, शर्ट चढवला आणि बटणं लावली. पार गळ्यापर्यंत, कोंडाजी लावायचा तशी. मग परातीपाशी बसली आणि पिठात बोट घालून बघितलं.

"ह्ये पीठ कुनी मळलं गं? लय सैल हाय."